तपासलेले शरीर, अकस्मात मरण

लक्षणे सुरू झाल्यापासून तासाभराच्या आत, बाहेरचे काहीही कारण नसताना आलेल्या मरणाला वैद्यकशास्त्र अकस्मात मृत्यू म्हणते. मरताना जवळ कोणी नसेल, तर आदल्या चोवीस तासांत माणूस धडधाकट होता एवढे कळले तरी पुरते. अशा मृत्यूंमागे बहुतेक वेळा हृदय असते. वैमानिकांमध्ये असे मृत्यू थोडे होतात, पण झाले की ते मनाला फार लागतात, कारण वैमानिकाइतके वारंवार तपासलेले शरीर फार थोड्या व्यवसायांत सापडते. 17 ऑगस्ट 2023 रोजी नागपूर विमानतळावर पुण्याचे विमान घेऊन जाण्यासाठी आलेला इंडिगोचा कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. आधीच्या ड्युटीनंतर त्याला सत्तावीस तासांची विश्रांती मिळाली होती, असे कंपनीने सांगितले. एप्रिल 2025 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या एका तरुण वैमानिकाने श्रीनगरहून आणलेले विमान दिल्लीत सुखरूप उतरवले आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्याचा मृत्यू झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये सिएटलहून इस्तंबूलला निघालेल्या टर्किश एअरलाइन्सच्या विमानात 59 वर्षांचा कॅप्टन आकाशातच मरण पावला. त्याची नियमित तपासणी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये झाली होती आणि तीत काही आढळले नव्हते.

इथे वैद्यकाचा प्रश्न आणि धर्मविचाराचा प्रश्न एकमेकांत मिसळतात. मरणाची वेळ माणसाला कळत नाही, असे सगळे धर्म सांगत आले. तरीही दीडदोनशे जीव ज्याच्या हाती आहेत, त्याच्या मरणाचा अंदाज आगाऊ घेण्याचा प्रयत्न समाज करतो. हा प्रयत्न कितपत सार्थ आहे? तो अपुरा पडला तर दोष कोणाचा? आणि ज्याला शेवटचा क्षण म्हणून काही मिळालाच नाही, त्याच्या मरणाकडे कसे पाहायचे? रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या दोन तालुक्यांना या प्रश्नांशी विशेष नाते आहे. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे जन्मले आणि रोह्यात 19 ऑक्टोबर 1920 रोजी पांडुरंगशास्त्री आठवले. दोघांनीही आयुष्यभर गीता सांगितली, आणि त्यातही मरणाविषयी जे सांगितले ते वैराग्याच्या नेहमीच्या ठशातले नव्हते. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि हा जिल्हा विमानतळाचा जिल्हा झाला. इथल्या मुलामुलींना आता हा व्यवसाय घराजवळ दिसतो.

भारतात व्यावसायिक वैमानिकाला क्लास वन मेडिकल लागते आणि ती नियमाने पुन्हा पुन्हा द्यावी लागते. नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे. बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आणि दिल्लीतले हवाई दलाचे तपासणी केंद्र ही नावे प्रत्येक वैमानिकाच्या तोंडी असतात. डोळे, कान, रक्तदाब, वजन, रक्त, लघवी आणि हृदयाचा आलेख, असा हा क्रम. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार पहिल्या तपासणीत ईसीजी काढावाच लागतो, पन्नाशीनंतर तो दर वर्षी काढावा लागतो, आणि तिशी ते पन्नाशीत निदान दोन वर्षांतून एकदा काढावा अशी शिफारस आहे. निकाल तीनपैकी एका शब्दात येतो : फिट, टेम्पररी अनफिट किंवा पर्मनंट अनफिट. घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे या एका शब्दावर टेकलेली असतात.

या तपासणीला काय दिसते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. पलंगावर निजवून, छातीवर आणि हातापायांवर इलेक्ट्रोड चिकटवून काढलेला नेहमीचा ईसीजी दहा सेकंदांचा असतो. मिनिटाला बहात्तर ठोके धरले तर तेवढ्या वेळात हृदय बारा वेळा धडकते. वर्षभरात ते पावणेचार कोटींहून अधिक वेळा धडकणार असते. बारा ठोक्यांवरून या कोट्यवधी ठोक्यांविषयी काही म्हणायचे, हे वैद्यकाचे धाडस आहे, आणि ते बऱ्याच अंशी यशस्वी होते ही लहान गोष्ट नव्हे. जुना झटका, लयीतला बिघाड, हृदयाच्या स्नायूची वाढ आणि काही आनुवंशिक दोष या दहा सेकंदांत पकडले जातात. मात्र एक मोठी गोष्ट निसटते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या आतल्या भिंतीवर चरबीचा थर साठलेला असतो. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा धमनी हळूहळू बुजत गेल्याने येत नाही. तो थर एका क्षणी फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि रक्ताची वाट बंद होते. फाटणारा थर फार मोठा असावा लागत नाही. निम्मीसुद्धा न बुजलेली धमनी आदल्या दिवशीच्या ट्रेडमिलवर निर्दोष ठरू शकते. कित्येकांच्या बाबतीत हृदयरोगाचे पहिले लक्षण म्हणजेच मृत्यू असतो.

मग तपासण्या वाढवाव्यात, असे कोणालाही वाटेल. प्रत्येक वैमानिकाची दर वर्षी ट्रेडमिल, सीटी आणि अँजिओग्राफी का करू नये? याचे उत्तर गणितात आहे. ज्या गटात रोग मुळात विरळ आहे, तिथे थोडीशी चुकणारी चाचणीसुद्धा खऱ्या रोग्यांपेक्षा खोटे रोगी जास्त दाखवते. लक्षणे नसलेल्या निरोगी तरुणांची ट्रेडमिल चाचणी केली, तर सदोष ठरलेल्यांपैकी मोठा भाग प्रत्यक्षात निरोगी निघतो. तोवर त्यांच्या धमन्यांत नळी घालून झालेली असते, महिनोन्‌महिने उड्डाण बंद असते आणि मनात भय कायमचे बसलेले असते. एका निरपराध माणसाला अशी शिक्षा देऊन दुसऱ्याचा जीव वाचवणे न्याय्य आहे का, हा नीतीचा प्रश्न आहे आणि कुठलेही यंत्र तो सोडवत नाही.

आयुष्याची दोरी वरूनच मोजून आली असेल तर तपासायचे कशाला, हा आक्षेपही जुनाच आहे. त्याला सर्वांत नेमके उत्तर चरकसंहितेच्या विमानस्थानात मिळते. या नावातल्या विमानाचा आकाशातल्या विमानाशी संबंध नाही. ते आहे मोजमापाचे, परिमाणाचे प्रकरण. तिथे अग्निवेश गुरूला काळमृत्यू आणि अकाळमृत्यू यांविषयी विचारतो. आत्रेय सांगतात की आयुष्य सर्वस्वी ठरलेले असते, तर औषधोपचार, पथ्य आणि व्रते यांना अर्थ राहिला नसता, आणि पिसाळलेल्या जनावरापासून कोणी पळालेही नसते. दैव आणि पुरुषार्थ या दोहोंच्या बलाबलावर आयुष्य ठरते. यासाठी ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस नीट वापरला तर झिजत झिजत आपल्या काळी संपतो. तोच आस जादा ओझ्याने, वाईट रस्त्याने किंवा वंगणावाचून मध्येच मोडतो. पहिला काळमृत्यू, दुसरा अकाळमृत्यू. वैमानिकाची मेडिकल ही आसाची पाहणी आहे. ती आयुष्याची लांबी मोजत नाही, मोडण्याची कारणे शोधते. म्हणून तपासणी देवाच्या कामात ढवळाढवळ करते हा आक्षेप निदान भारतीय परंपरेच्या नावाने घेता येत नाही.

तपासणीची मर्यादा जगाला सर्वांत कठोरपणे कळली ती 18 जून 1972 रोजी. लंडनहून ब्रुसेल्सला निघालेले ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे ट्रायडेंट विमान उड्डाणानंतर अडीच मिनिटांत स्टेन्स गावाजवळ कोसळले आणि आतले सर्व 118 जण मेले. पंखांच्या पुढच्या कडेचे खाली झुकणारे भाग, म्हणजे ड्रूप, पुरेसा वेग येण्याआधीच आत घेतले गेले होते. 51 वर्षांच्या कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्यांचा गंभीर विकार आढळला, आणि एका धमनीच्या भिंतीत थोड्याच वेळापूर्वी पडलेली चीरही आढळली. निघण्यापूर्वी क्रू रूममध्ये संपाच्या विषयावरून त्याचा कडाक्याचा वाद झाला होता. पुढची गोष्ट वैद्यकापेक्षाही जास्त बोलकी आहे. कॅप्टन बहुधा मेलेला नव्हता, बेशुद्धही नव्हता. तो खुर्चीत बसलेला होता, पण त्याचा निर्णय ढळलेला होता. शेजारचा सहवैमानिक बावीस वर्षांचा होता आणि अनुभवाने अगदी नवा. ज्येष्ठाचे काहीतरी बिघडले आहे हे ओळखायचे प्रशिक्षण त्याला मिळाले नव्हते. अपघाताच्या मुळाशी असलेल्या कारणांत चौकशी आयोगाने हा अभावही नोंदवला.

यानंतरच्या दशकात ब्रिटन आणि युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी एक टक्क्याचा नियम बसवला. पुढच्या वर्षभरात अचानक अक्षम होण्याची ज्याची शक्यता एक टक्क्याहून कमी आहे, त्याला दोन वैमानिकांच्या विमानात उडू द्यावे, असा तो नियम. त्यामागचा हिशेब सोपा आहे. वर्षात 8,760 तास असतात, म्हणजे ढोबळमानाने दहा हजार. वर्षाला एक टक्का म्हणजे तासाला दहा लाखांत एक. उड्डाण आणि उतरणे हा नाजूक काळ एकूण वेळेच्या सुमारे दहावा हिस्सा, म्हणून कोटीत एक. अशा नाजूक वेळी एक वैमानिक कोलमडला तरी दुसरा बहुतेकदा विमान सांभाळतो. सिम्युलेटरवरच्या चाचण्यांवरून शंभरात एखादीच वेळ हुकते असे धरले, म्हणजे अब्जात एक. विमानाचा एखादा भाग निकामी होऊन सर्वनाश होण्याची जेवढी शक्यता अभियंते सहन करतात, तेवढीच ही.

या हिशेबात धर्मविचाराला थांबायला लावणारी गोष्ट अशी की समाज इथे मरणाची शक्यता उघडपणे मान्य करतो. शून्य धोका कोणी मागत नाही. साठीजवळच्या साध्या निरोगी पुरुषाच्या हृदयालाही वर्षाला जवळपास तेवढा धोका असतो, म्हणून शून्य मागितले तर एकही अनुभवी कॅप्टन उरणार नाही. सर्टिफिकेटवरच्या ‘फिट’ या शब्दाचा अर्थ ‘मरणार नाही’ असा कधीच नव्हता. वैमानिकाच्या घरच्यांना आणि प्रवाशांना तो तसा वाटतो, हे या सगळ्या व्यवस्थेतले सर्वांत दुःखद गैरसमजाचे ठिकाण आहे.

शक्यतेचे हे गणित जन्मले 1654 मध्ये. ब्लेझ पास्कल आणि पिएर फर्मा या दोघा फ्रेंच गणितज्ञांत पत्रव्यवहार झाला. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता : डाव मध्येच मोडला तर पणाला लावलेली रक्कम खेळाडूंत कशी वाटावी? जो खेळ पूर्ण झालाच नाही, त्यातला प्रत्येकाचा वाटा उरलेल्या शक्यतांवरून काढायचा. या एका प्रश्नातून विमाशास्त्र उभे राहिले, रोगप्रसाराचे शास्त्र उभे राहिले आणि एक टक्क्याचा नियमही. पास्कल स्वतः जन्मभर आजारी राहिला आणि वयाच्या 39व्या वर्षी वारला. त्याची टिपणे ‘पांसे’ या नावाने 1670 मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाली. माणूस मरणाला विसरण्यासाठी स्वतःला सतत कशात ना कशात गुंतवून ठेवतो, हा त्यातला एक मुख्य विचार.

गागोद्यात बालपण गेलेल्या विनोबांनी नेमका हाच पास्कल उचलला. 1932 च्या फेब्रुवारी ते जून या महिन्यांत धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. आठव्या अध्यायावरच्या प्रवचनाचे नाव ‘प्रयाण-साधना : सातत्ययोग’. मरणाचे स्मरण का ठेवावे हे सांगताना विनोबा पास्कलचा आणि त्या पुस्तकाचा नाव घेऊन उल्लेख करतात. विनोबांना गणिताची अतोनात आवड होती. ईश्वराच्या खालोखाल ते गणिताला मानत. पास्कलचे शक्यतेचे गणित आणि त्याचे मरणचिंतन ही दोन अंगे सहसा वेगवेगळ्या कपाटांत ठेवली जातात. वैमानिकाच्या प्रश्नात ती एकत्र येतात. गणित सांगते मरण किती जवळ असू शकते, आणि चिंतन विचारते की मग आज कसे वागायचे.

गीतेच्या आठव्या अध्यायात अर्जुन विचारतो की प्रयाणाच्या वेळी, म्हणजे देह सोडताना, तुला कसे ओळखावे. श्रीकृष्णाचे उत्तर असे की अंतकाळी ज्याचे स्मरण होते, तीच गती माणसाला मिळते. यावरून लोकांत समजूत रुजली ती शेवटच्या क्षणाच्या महत्त्वाची. अंथरुणाभोवती नामस्मरण, तोंडात गंगाजळ आणि तुळशीपत्र, मुलाच्या मांडीवर डोके. असा अंतकाळ मिळाला तर मरण साजरे झाले, असे पेण-रोह्याच्या कुठल्याही वाडीवर आजही म्हणतील. बोर्डिंग गेटपाशी किंवा पस्तीस हजार फुटांवर खुर्चीत बसल्या जागी गेलेल्याला यातले काहीच लाभत नाही. लोकाचार त्याला अपमृत्यू म्हणतो आणि घरचे त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळीला जातात. ख्रिस्ती परंपरेतही तयारीविना आलेल्या अकस्मात मरणापासून सोडव, अशी जुनी प्रार्थना आहे. पेणमध्ये बेने इस्रायली यहुद्यांचे सिनेगॉग आहे. पेणकर आणि रोहेकर ही आडनावे त्या समाजात आजही आहेत. यहुदी श्रद्धेप्रमाणे येत्या वर्षी कोण जगणार आणि कोण मरणार हे नववर्षदिनी लिहिले जाते, आणि दहाव्या दिवशी, योम किप्पुरला, त्यावर मोहोर उठते. तिथेही वर्षाचीच मुदत आहे, पण निकाल माणसाला कळवला जात नाही. कळत नाही म्हणूनच ते दहा दिवस पश्चात्तापाचे, दानाचे आणि तुटलेली नाती जोडण्याचे.

विनोबांनी शेवटच्या क्षणाचा हा धाक मुळातच काढून घेतला. त्यांच्या विवेचनाचा आशय असा. आयुष्य म्हणजे संस्कारांचा साठा. शेवटच्या क्षणी वर येते ते साठ्यात सर्वांत खोल रुजलेले असते. ऐनवेळी काही नवे आणून ठेवता येत नाही. म्हणून शेवटचा क्षण साधायचा तर प्रत्येक क्षण शेवटचा मानून वागावे लागते, आणि असे वागले की शेवट केव्हा आला याला महत्त्व उरत नाही. गीतेचा पुढचा श्लोकच सर्व काळी स्मरण ठेव आणि लढ असे सांगतो. हा उपदेश रथात, कामाच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाला केलेला आहे. या वाचनाप्रमाणे श्रीनगरहून विमान आणून उतरवलेल्या आणि मग गेलेल्या तरुणाचे मरण अपुरे किंवा अशुभ ठरत नाही. त्याचा अंतकाळ त्याच्या शेवटच्या दहा मिनिटांनी ठरलेला नाही. वर्षानुवर्षे चोख केलेल्या चेकलिस्टनी, प्रवाशांविषयीच्या काळजीने आणि घरच्या माणसांवरच्या मायेने तो आधीच ठरलेला आहे.

सातत्याचा हा विचार वैमानिकांच्या कामात, कोणी गीतेचे नाव न घेता, रोज पाळला जातो. धावपट्टीवर विमान वेग घेऊ लागले की एक वैमानिक ठरलेल्या वेगाला मोठ्याने तो आकडा सांगतो आणि दुसऱ्याने तपासल्याचे उत्तर द्यायचे असते. या उत्तराने वेगाची खात्री होते, आणि दुसरा माणूस शुद्धीवर आहे याचीही होते. उतरतानाही तसेच. दोनदा बोलून उत्तर आले नाही, तर सहकारी अक्षम झाला असे समजून नियंत्रण ताब्यात घ्यायचे, असा शिरस्ता आहे. त्या वेळी हुद्दा आड येत नाही. कॅप्टनला प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, ही भावना मोडायला या व्यवसायाला स्टेन्सपासून पुढे कित्येक वर्षे लागली. वडीलधाऱ्यांपुढे गप्प बसण्याचे वळण असलेल्या आपल्याकडे तर ती मोडणे अधिकच अवघड. जून 2009 मध्ये ब्रुसेल्सहून नेवार्कला निघालेल्या काँटिनेंटलच्या विमानाचा कॅप्टन अटलांटिकवर मरण पावला, आणि ऑक्टोबर 2015 मध्ये फिनिक्सहून बॉस्टनला निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सचाही. दोन्ही विमाने उरलेल्या वैमानिकांनी सुखरूप उतरवली. या दोन उड्डाणांतले प्रवासी वाचले ते दुसऱ्या खुर्चीमुळे. तपासणीने तो धोका पकडला नव्हता.

म्हणून तपासणी आणि दुसरी खुर्ची यांत निवड करायची वेळ आली, तर दुसरी खुर्चीच वरचढ मानावी लागेल. खर्च वाचवण्यासाठी प्रवासाच्या काही टप्प्यांत एकाच वैमानिकाने विमान चालवावे, असे प्रस्ताव विमान उद्योगात पुढे येत असतात. एक टक्क्याच्या नियमातला शंभराने भागण्याचा टप्पा दुसऱ्या माणसावर उभा आहे. तो माणूस काढला की सगळा हिशेब कोसळतो. रोह्यात याची तुलना डोळ्यांपुढे आहे. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो. गाडीच्या इंजिनात लोको पायलटबरोबर सहायक असतो, आणि ठरावीक सेकंदांत चालकाची काहीच हालचाल झाली नाही तर दिवा लागतो, बझर वाजतो आणि शेवटी ब्रेक आपोआप लागतात. गाडी रुळावर थांबू शकते. विमानाला आकाशात थांबता येत नाही, म्हणून तिथे माणूसच हवा. पेणहून सुटणाऱ्या एसटीच्या चालकाशेजारी मात्र यातले काहीच नसते. पन्नास माणसे, वडखळची गर्दी, पुढे घाट, आणि एकच हृदय. छातीत कळ आली असताना गाडी कडेला घेऊन, हँडब्रेक ओढून मगच प्राण सोडलेल्या चालकांच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतात. त्या चालकांच्या तपासणीची चिंता वैमानिकांच्या तपासणीइतकीच व्हायला हवी. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या घातक रसायनांच्या कारखान्यांत कामगारांची बारा महिन्यांच्या आत तपासणी करण्याचे बंधन कायद्यानेच घातलेले आहे. पण ती तपासणी कामगाराला कामापासून वाचवण्यासाठी आहे. वैमानिकाची तपासणी इतरांना त्याच्या मरणापासून वाचवण्यासाठी आहे.

या फरकामुळेच वैमानिकाच्या शरीरावर एक वेगळे कर्तव्य येते. साध्या माणसाला तपासणी आणि उपचार नाकारण्याचा अधिकार आहे. स्वतः विनोबांनी तो शेवटपर्यंत वापरला. नोव्हेंबर 1982 च्या पहिल्या आठवड्यात पवनारच्या आश्रमात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. थोड्या उपचारांनंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले आणि 15 नोव्हेंबरला, दिवाळीत, 87व्या वर्षी देह ठेवला. सरकारने आणि डॉक्टरांनी केलेल्या विनवण्यांचा उपयोग झाला नाही. त्यावर तेव्हा वाद झाला आणि अजूनही होतो. पण त्या निर्णयाच्या मागे एक अट पुरी झालेली होती : कोणाचाही जीव त्या देहावर अवलंबून नव्हता. काम संपवून, सगळे सोडून बसलेल्या माणसाचे ते प्रायोपवेशन होते. चाळिशीतला वैमानिक छातीतली कळ अंगावर काढतो आणि देवावर भरवसा म्हणून ती लपवतो, तेव्हा त्याला विनोबांचा आधार घेता येणार नाही. तिथे भरवशाची किंमत पाठीमागे बसलेले लोक मोजतात, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

लपवण्याचा मोह मात्र खरा आहे, आणि त्याबद्दल फक्त वैमानिकाला दोष देणे अन्यायाचे आहे. मेडिकलच्या फॉर्मवर एक खूण केली तर नोकरी जाऊ शकते. 24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने 150 जणांसह विमान आल्प्समध्ये हेतुपुरस्सर कोसळवले. डॉक्टरांनी त्याला काम करण्यास अपात्र ठरवले होते. ती चिठ्ठी त्याने कंपनीला दाखवली नव्हती. त्यानंतर जगभर ज्या उपायावर भर आला तो पुष्कळसा मनाच्या बाजूचा आहे. शिक्षेच्या भीतीवाचून सहकाऱ्याशी बोलता येईल अशी व्यवस्था उभी करायची. वैमानिक तिला पीअर सपोर्ट म्हणून ओळखतात, आणि डीजीसीएनेही भारतीय कंपन्यांना ती सांगितली आहे. सत्य बोलण्याचा उपदेश करणे सोपे असते. सत्य बोलणारा उपाशी राहणार नाही, याची तजवीज करणे हे समाजाचे काम, आणि टेम्पररी अनफिट ठरलेल्याला जमिनीवरचे काम, पगार आणि परतीची वाट देणाऱ्या कंपन्या तेच करत असतात.

रोह्याच्या पांडुरंगशास्त्रींचा विचार इथे उपयोगी पडतो. मुंबईच्या माधवबागेतल्या पाठशाळेतून त्यांनी जे मांडले, त्यातली सर्वांत साधी गोष्ट म्हणजे त्रिकाल संध्या : उठताना, जेवताना आणि झोपताना देवाचे स्मरण. झोपेतून जागे झाल्यावर स्मृती परत कोण देतो, खाल्लेल्या अन्नाचे रक्त कोण करतो, रात्री शांती कोण देतो, असा तो विचार. माणूस झोपला तरी हृदय चालते, आणि ते चालवण्यासाठी त्याने काहीही केलेले नसते. या दृष्टीने मेडिकलचा कागद म्हणजे स्वतःच्या शरीरावर मिळवलेले मालकीपत्र ठरत नाही. जे आपण चालवत नाही, त्याची निगा तरी आपण नीट राखतो आहोत का, याचा तो हिशेब. तंबाखू सोडणे, रक्तदाबाची गोळी न चुकवणे आणि झोप पुरी करणे ही या विचारात उपासनाच होते. हृदयविकार टाळण्याच्या कामात या तीन गोष्टी कुठल्याही महागड्या स्कॅनपेक्षा जास्त करतात. तेव्हा इथे भक्ती आणि वैद्यक यांचा सल्ला एकच येतो.

मृत्यू झाल्यानंतर एक निर्णय घरच्यांना तातडीने घ्यावा लागतो. तरुण वैमानिक अचानक गेला की शवविच्छेदनाला पुष्कळ घरे तयार नसतात. देहाची चिरफाड नको, लवकर अग्नी मिळावा, ही भावना धर्माच्या नावाने बोलली जाते. तिचा मान ठेवूनही सांगायला हवे की इथे नकार देऊ नये. चाळिशीच्या आतल्या अकस्मात मृत्यूंत आनुवंशिक कारणे बऱ्याचदा असतात. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार, लय बिघडवणारे दोष, अशी ती कारणे. स्नायूचा विकार शवविच्छेदनात दिसतो. लयीचा दोष दिसत नाही, पण हृदय निर्दोष आढळले हीच त्याची खूण असते, आणि रक्ताचा नमुना राखून ठेवला असेल तर जनुकांची तपासणी करता येते. बहुतेक घराण्यांत हे दोष असे उतरतात की आईवडिलांपैकी एकाला असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. गेलेल्याच्या भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी व इको दहावा-तेरावा आटोपल्याबरोबर करून घ्यावा लागतो. मुले लहान असतील तर एकदा करून भागत नाही. हे विकार वाढत्या वयात प्रकट होतात, म्हणून काही वर्षांच्या अंतराने तो पुन्हा पुन्हा करावा लागतो.